कढत पाण्याची दिवाळी

दिवाळी जवळ आली की माझी सूनबाई माझ्याशी भांडायला कंबर कसते. एरवी वर्षभर आमचं उत्तम जमतं. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे ती तेल-उटणं काढून, गिझर तापवून बसलेली असते आणि मी तोवर गार पाण्याच्या दोन बादल्या अंगावर ओतून, पंचा गुंडाळून, चिवड्याच्या डब्याकडे नजर लावून बसलेला असतो. "बाबा, लोक म्हणतील सासऱ्याला सणाच्या दिवशी पाणीसुद्धा तापवून देत नाही," असं ती म्हणते. गार पाण्यानं बुद्धी ताजी राहते, असं मी सांगतो. मग एवढी वर्षं ताजी राहिलेली ती बुद्धी आहे कुठे, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येतो.

खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. सांगायला घेतलं तर ते एका वाक्यात मावत नाही, आणि दिवाळीच्या पहाटे सांगण्यासारखंही नाही. पण उटण्याचा तो कडसर, मातकट वास न्हाणीघरातून आला की मी चिवड्याचा डबा तसाच ठेवून अंगणात जातो. कपाळावर कुणी दगड ठेवल्यासारखं होतं. इतकी वर्षं झाली, माझ्या बायकोला, सरूलाही जाऊन वर्षं झाली, तरी तो धक्का जुना होत नाही.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून कोसभर आत. निजामाची राजवट होती आणि तिकडे लांब कुठेतरी लढाई चालू होती. तिचा आम्हाला संबंध एवढाच, की घासलेट मिळत नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला कपाशी फुटलेली असायची. बायकांच्या ओट्या कापसानं फुगायच्या, संध्याकाळी त्या पोटुशा बायांसारख्या दिसत शेतातून परत यायच्या आणि एकमेकींना तसंच चिडवायच्या. मागच्या वर्षीच्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या परसात रचून ठेवलेल्या असत. चुलीत घातल्या की तडतडत पेटायच्या आणि तांब्याच्या हंड्यातलं पाणी बघता बघता कढायचं. त्या तडतडीनं मला लहानपणापासून सणाची जाग यायची.

माझे वडील मी पोरगा असतानाच गेले. घरात माय, मी आणि माझी बायको सरू. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, शेजारीच राहायचे. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मायला लेक नव्हती. त्यामुळे सून आल्यावर तिनं लेकीची सगळी हौस सुनेवर भागवून घेतली; सरू तिला आत्याबाई म्हणायची. सासू सुनेला छळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या मायचा जाच बघायला हवा होता. सरूला खाऊ घाल, सरूचे केस विंचर, सरूला उन्हात पाठवू नको. मी या घरात भाडेकरू आहे की काय, असं मला वाटायचं.

त्या वर्षी सरू सोनपेठकडच्या माहेराहून बाळंतपण आटोपून, लेकीला घेऊन दिवाळीच्या तोंडावर आली होती. तिच्या आईनं निरोप दिला होता, पोरगी जरा अशक्त झालीय, बाळंतिणीच्या न्हाण्याला कधीमधी भोवळ यायची. बाळंतपणात भोवळ कुणाला येत नाही? आम्ही तो निरोप ऐकला आणि सोडून दिला.

चतुर्दशीच्या पहाटे मायनं तिला पाटावर बसवलं. तेल जिरवलं, उटणं लावलं आणि कढत पाण्याचे तांबे डोक्यावर सोडायला सुरुवात केली. मी ओसरीवर लेकीला मांडीवर घेऊन बसलो होतो. तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या कुडाआडून दोघींचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं. मग सरूचं बोलणं थांबलं. थोड्या वेळानं ती काहीतरी पुटपुटायला लागली, शब्द नसलेलं. आणि मायनं अशा आवाजात मला हाक मारली, की मी लेकीला तशीच जमिनीवर ठेवून धावलो. सरू ओल्या दगडावर पडली होती. डोळे वर गेलेले, दात घट्ट बसलेले, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. आदल्या रात्री माझ्या धोतराला पडलेल्या डागावरून मला वेडावणारी बायको ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. मी नुसता उभा राहिलो.

कांदा फोडून नाकाला लावला, कातडी जोडा हुंगवला. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले आणि आम्ही सगळे असे का बघतोय, असं विचारलं. दुपारी ती करंज्या तळत होती. दृष्ट लागली म्हणून मायनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. पाडव्याला पुन्हा तेच झालं. भाऊबिजेला तिचा भाऊ ओवाळून घ्यायला आला, तो बहिणीला त्या अवस्थेत बघून ताटावरून उठला. मग बरेच दिवस काही नाही; एका शुक्रवारी न्हाताना झालं; आणि पुढच्या महिन्यात बाजूला बसून चौथ्या दिवशी न्हाली, तेव्हा पुन्हा.

मायनं भागीरथा आराधिणीला बोलावलं. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात देवीची परडी. बाई लबाड नव्हती; नंतर तिनंच ते दाखवून दिलं. तिनं दुखणं कधी कधी येतं ते नीट विचारून घेतलं. सणाला येतं. शुक्रवारी येतं. विटाळ फिटून अंग शुद्ध झालं की येतं. एरवी शेतात, चुलीपाशी, विहिरीवर कधी येत नाही. मग ती मायला म्हणाली, "हे दुखणं न्हाई माय. दुखण्याला वार कळत न्हाई. ही आई हाय, आन् तिला ही पोरगी पायजे."

मी चार बुकं शिकलेला, पण या बोलण्यात खोट काढता येईना. आजही, सगळं कळून चुकल्यावर, मी तो हिशोब मनात मांडतो आणि तो बरोबरच येतो. सण, मंगळवार, शुक्रवार, शुद्ध अंग. आमच्या घरात बायका डोक्यावरून न्हायच्या त्या नेमक्या याच दिवशी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की ते कुणाच्या डोळ्यांनाच दिसलं नाही.

आराधिणीनं नेम घालून दिला: दर मंगळवारी आणि शुक्रवारी सरूनं डोक्यावरून न्हाऊन, ओलेत्यानं देव्हाऱ्यापुढे बसायचं. थंडी वाढत चालली होती. बाळंतिणीला गार पाणी कसं घालायचं म्हणून माय पहाटेपासून चूल फुंकायची, पाणी चांगलं कढवायची, आणि देवीचं नाव घेत तांब्यावर तांबे ओतायची. आणि दर मंगळवारी, दर शुक्रवारी सरू पडायची. आम्ही जितकी देवीची सेवा करू तितकी देवी येत होती. याहून मोठी साक्ष कोणती हवी?

मार्गशीर्षातल्या पुनवेला तिला गंगेवर नेलं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. बोचऱ्या पाण्यात तिनं डोकं बुडवून अंघोळ केली, कुडकुडत वर आली, पदर पिळला आणि मला म्हणाली, तुमी पण उतरा की, का नुसतं काठावरूनच पुण्य घेताय? काहीही झालं नाही. मला वाटलं, सुटलो. आराधिणीनं सांगितलं, गंगा देवीची बहीण, बहिणीच्या दारात ती झगडा करीत नाही. सगळ्यांना हे पटलं. आमच्यापाशी प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं, हीच खरी पंचाईत होती.

मी मात्र परभणीचा सरकारी दवाखाना गाठला. चुडाव्याला गाडीत बसताना सरू खिडकीशी बसली आणि पूर्णेचा पूल येईपर्यंत लेकीला बाहेरची झाडं दाखवत राहिली. डॉक्टर उर्दूत विचारायचे आणि मी उत्तरं द्यायचो. झटका कसा येतो, किती वेळ राहतो, जीभ चावते का. मोठ्या हुशारीनं उत्तरं दिली मी. मदरशात, म्हणजे निजामाच्या शाळेत, शिकलेलं सगळं उर्दू त्या दिवशी कामी आणलं. सरू बाकावर पदर सावरून बसली होती. तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. डॉक्टरांनी मिरगी म्हणून सांगितलं आणि पांढरं, खारट औषध दिलं. ते घेतलं की ती दिवसभर पेंगायची. दूध उतू जायचं, हाक मारली तर उशिरानं वळायची. एकदा दूध पाजता पाजता झोप लागली आणि लेक मांडीवरून घसरली. मायनं ती बाटली उकिरड्यावर नेऊन फोडली.

मग तात्यांनी मला बोलावून घेतलं. तात्या वाईट माणूस नव्हते. घरातलं कुणी आजारी पडलं की त्याच्या उशाशी ते जागायचे. त्यांनी मला शेजारी बसवलं, सुपारी कातरून दिली आणि समजुतीनं सांगितलं, की देवीच्या माणसाला संसारात ओढू नये, घराण्याला भोवतं. पौषातल्या पुनवेला सरूला परडी द्यायची. ती भागीरथेबरोबर जोगवा मागत फिरेल, देवीच्या पायी राहील. लेक मायजवळ राहील. "तू अजून तरुण हायेस. माघात तुजं दुसरं लगीन लावू," असं ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. कुणी शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. त्यांनी प्रेमानं माझी बायको माझ्याकडून काढून घेतली, तेव्हा मी नुसता सुपारी चघळत राहिलो.

सरूनं हे दोन्ही घरांमधल्या दाराआडून ऐकलं होतं. ती रडली नाही. दोन दिवस ती लेकीला खाली ठेवायलाच तयार नव्हती.

पूर्णेला एक म्हातारे हकीम होते. आता शेवटचं म्हणून मी तिला तिथे घेऊन गेलो. त्यांनी नाडी धरली आणि विचारायला सुरुवात केली. मी सवयीनं उत्तरं द्यायला लागलो. हकीमसाहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तुमे चुप बैठो जी. दुखना उनकू है, उनकू बोलने देव."

सरू माझ्याकडे बघायला लागली. बोलू का, असं विचारत होती. मी मान हलवली. मग ती खाली बघत, हळूहळू सांगायला लागली, आणि हकीमसाहेब तिचं मराठी मान डोलावत ऐकत राहिले. "कढत पानी डोक्यावर पडलं की आंग हलकं व्हतं. लय बरं वाटतं. आनिक घ्यावं, आनिक घ्यावं वाटतं. मंग लांबून कुनीतरी बोलल्यावानी ऐकू येतं. त्याच्या म्होरं मला काई ठावं न्हाई."

गार पाण्यानं होतं का, त्यांनी विचारलं. नाही. नुसत्या अंगावर कढत घेतलं, डोकं कोरडं ठेवलं तर? नाही. पाणी न घेता कधी झालंय? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, एकदाही नाही.

हकीमसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. किताबात मी असं कुठं बघितलेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पण किताबापेक्षा बहू काय म्हणते ते खरं. डोक्याला कढत पाणी लावू नका. प्रत्येक झटका जिवावरचा असतो, एखाद्यातून ती उठणारही नाही, हेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

स्टेशनावर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. माझं डोकं बधिर झालं होतं. दृष्ट काढून झाली, आराधीण झाली, सरकारी डॉक्टर झाला. आणि ज्याच्यासाठी आम्ही वणवण करत होतो ते पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारी, माझ्या अंथरुणावर होतं. मी तिला जवळजवळ रागानंच म्हटलं, तू हे आधी का बोलली नाहीस? ती म्हणाली, "इचारलं कुनी?" मग लेकीचं टोपरं नीट करत म्हणाली, "आन् बरं वाटतं म्हनून कसं सांगू? आत्याबाई येवढ्या मायेनं घालत्यात. मला वाटलं, देवी येताना असंच बरं वाटत असंल."

मायला सांगताना मी शब्द जपून वापरले, पण अशा गोष्टी जपून सांगता येत नाहीत. ती निवडत होती ती डाळ तशीच सुपात राहिली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "म्हंजी ती मीच व्हते व्हय रे?" त्यानंतर ती मरेपर्यंत, एक बुधवार सोडला तर, आमच्या घरात कुणाच्याही डोक्यासाठी पाणी तापलं नाही.

मागे एकदा नातवाच्या ओळखीतल्या एका मेंदूच्या डॉक्टरला मी हे सगळं सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, आजोबा, याला आता नाव आहे, दक्षिणेकडे असे रोगी बरेच सापडतात. त्यानं ते इंग्रजी नावही सांगितलं. मी घरी आलो आणि जेवलो नाही. नाव मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात एकच आलं: बरेच सापडतात म्हणजे आधीही बऱ्याच असणार. त्यांना कोणी विचारलं असेल? लहानपणापासून जोगवा मागत दारावर आलेल्या कितीतरी बाया मला आठवल्या. त्यातली कोण देवीची होती आणि कोण कढत पाण्याची, हे आता कोण सांगणार?

पण हे सगळं फार पुढचं; तेव्हा तात्यांना हकीमसाहेबांचं म्हणणं पटेना. "पान्यानं फेफरं येत असतं तर दिवाळीला सारं गाव उताणं पडलं असतं," असं ते म्हणाले. आम्ही गार पाणी सुरू केलं, सरू पडायची थांबली. तर त्यांनी त्याचाही अर्थ लावला. आई रुसली, तिनं तोंड फिरवलं, आता ती कुणाचा तरी जीव घेतल्याशिवाय राहणार नाही. पुनवेच्या आत परडी दिलीच पाहिजे. पडली तरी देवी आणि नाही पडली तरी देवी. मी पाय आपटत घरी आलो आणि मायला सगळं सांगितलं. पुनव आठवड्यावर आली होती. भागीरथेनं नवी परडी आणून देव्हाऱ्याखाली ठेवलीसुद्धा होती.

ते ऐकून दाराआडून सरू मायला म्हणाली, "आत्याबाई, तात्यांना बुधवारी बलवा. भागीरथाबाईलाबी बलवा. सन न्हाई, वार न्हाई, हळद न्हाई, कुकू न्हाई. आदी गार घालते, मंग कढत. बघा म्हनावं डोळ्यांनी."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा तिचा हात धरून मी तिला बाजूला नेलं. हकीमसाहेबांचं बोलणं मी तिला सांगितलं, एखाद्या झटक्यातून माणूस उठत नाही हेही. ती म्हणाली, "परडी घेऊन दारोदार फिरन्यापरीस एकदा पडलेलं बरं. लेक तरी माजी ऱ्हाईल." मी नाही म्हटलं. पुष्कळदा म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

बुधवारी दुपारी ऊन चांगलं वर आलेलं होतं. शेजारच्या रानात वेचणी चालू होती, बायकांचं हसणं ऐकू येत होतं. तात्या अंगणात बाजेवर बसले, मान खाली घालून. सुनेच्या न्हाण्याकडे बघायचं कसं, या संकोचात. भागीरथा भिंतीला टेकून उभी राहिली. मायनं लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं. सरू लुगड्यासकट पाटावर बसली, गंगेवर बायका बसतात तशी. विहिरीचं गार पाणी तिनं तांब्यामागून तांब्या डोक्यावर घेतलं. दात वाजायला लागले, ओठ निळे पडले, पण ती नीट बसून राहिली. तात्यांनी विचारलं, तेव्हा लेकीचं नाव, माहेरचं गाव सगळं धड सांगितलं. तात्यांची मान वर झाली.

मग हंडा. मायला हात लावायला सांगणं शक्यच नव्हतं. तिनं तोंड फिरवून घेतलं होतं. मी तांब्या भरला. वाफ माझ्या तोंडावर आली. माझा हात पुढे जाईना. सरूनं खालून हात वर केला, माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर रिता केला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या वेळी तिचा चेहरा सैल झाला, डोळे कुठेतरी लांब लागले, आणि हात तांब्या चाचपडत राहिला. मी तिला पकडलं तोवर अंग ताठ झालं होतं.

तो झटका सगळ्यांत मोठा होता. मी तिचं डोकं दगडावर आपटू नये म्हणून मांडीवर धरून बसलो आणि देवीचं नाव घ्यावं की घेऊ नये, हेही मला कळेना. तोंडातून रक्त आलं. लेक रडायला लागली. भागीरथा भिंतीपासून निघाली, सरूच्या तोंडाकडे वाकून बराच वेळ बघत राहिली. मग आत जाऊन देव्हाऱ्याखालची नवी परडी घेऊन आली. "तात्या, हे आईचं काम न्हाई," एवढं म्हणून ती परडी काखेत मारून निघून गेली. तात्या उठले. त्यांनी बाजेवरची आपली घोंगडी आणून सरूच्या ओल्या अंगावर टाकली आणि तिथेच, चिखलात, मटकन खाली बसले.

झटके थांबले. श्वास चालू आहे की नाही, ते मला कळत नव्हतं. मी तिला हाका मारत राहिलो, नावानं, सगळ्यांच्या देखत. तोवर कधी मारल्या नव्हत्या. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. मी कोण ते ओळखायला तिला वेळ लागला. मग चावलेली जीभ कशीबशी हलवत तिनं मला विचारलं, "पाह्यलं का तात्यांनी?"

मी हो म्हटलं. तेव्हा कुठे तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.